टाळलेली ओरल: महाविद्यालयीन चिंता कशी येते आणि का मुरते

नोव्हेंबरच्या अखेरीस, ओरलच्या म्हणजे तोंडी परीक्षेच्या दिवशी, पुण्यातल्या कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या व्हरांड्यात एक ठरलेले दृश्य दिसते. प्रयोगशाळेच्या बंद दाराबाहेर मुलामुलींची रांग असते, प्रत्येकाच्या हातात सही घेतलेले जर्नल असते आणि दार उघडून जो कोणी बाहेर येतो त्याला दहा जण घेरून ‘काय विचारले?’ एवढेच विचारतात. मी आठवड्यातून दोन दिवस अशाच एका महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षात बसते. गेल्या वर्षी त्या रांगेत दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा मला दिसला. त्याच्या जर्नलच्या प्लॅस्टिकच्या फायलीवर घामाने बोटांचे ठसे उमटत होते आणि तो ते दर दोन मिनिटांनी शर्टाच्या टोकाने पुसत होता. त्याचा क्रमांक जवळ आला तसा तो ‘जाऊन येतो’ म्हणून स्वच्छतागृहाकडे गेला, परत आला, पुन्हा गेला, आणि तिसऱ्यांदा गेला तो परत आलाच नाही. परीक्षकांनी त्याच्या नावापुढे गैरहजर अशी नोंद केली. रात्री वडिलांचा फोन आला तेव्हा ओरल चांगली गेली, असे त्याने सांगितले.

हा मुलगा आळशी नव्हता आणि विषयही त्याला बऱ्यापैकी येत होता.

अशा मुलांचा प्रश्न आता न्यायालयापर्यंत पोहोचला आहे. विशाखापट्टणम येथे नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी निकाल देताना देशभरातील शिक्षणसंस्था, वसतिगृहे आणि शिकवणी वर्ग यांच्यासाठी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे त्यांत म्हटले आहे. समुपदेशन कक्षाची पाटी लावणे त्यामानाने सोपे आहे. मुलांना नेमके होते तरी काय, हे मात्र पालकांना, बऱ्याच प्राध्यापकांना आणि खुद्द मुलांनाही अनेकदा उलगडत नाही.

भीती आणि चिंता

मराठीत या भावनेसाठी शब्दांचा तुटवडा नाही. काळजी, धास्ती, घोर, हुरहूर, धाकधूक हे जुने शब्द आहेत आणि आता सर्रास वापरले जाणारे टेन्शन आहेच. त्यांतून दोन गोष्टी वेगळ्या काढल्या की पुढचे समजणे सोपे जाते. समोर येऊन ठेपलेल्या धोक्याची वाटते ती भीती. अजून न आलेल्या, कदाचित कधी येणारही नाही अशा धोक्याची वाटते ती चिंता. रस्ता ओलांडताना अंगावर बस आली की वाटते ती भीती आणि बस निघून गेली की ती ओसरते. पुढच्या महिन्यातल्या निकालाने आज रात्रीची झोप उडते ती चिंता, आणि तिला निघून जाणारी बसच नसते. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण नेमकी याबद्दल आहे.

चिंता वाटणे हा आजार नव्हे. ती साधारण सहा महिने, बहुतेक दिवशी राहिली, आवरू म्हटले तरी आवरेना आणि झोप, जेवण, अभ्यास, माणसांत मिसळणे यांवर तिचा परिणाम होऊ लागला, की तज्ज्ञ सर्वसाधारण चिंताविकाराचा विचार करतात. परीक्षेसारख्या एखाद्याच प्रसंगाची किंवा चारचौघांत बोलण्याची धास्ती हे चिंतेचे वेगळे प्रकार. माझ्याकडे येणारी बहुतेक मुले ‘टेन्शन आहे’ आणि ‘विकार आहे’ यांच्या मधल्या पट्ट्यात असतात आणि हा लेख मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

पार्किंगमधला सायरन

रात्री दोन वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादे मांजर गाडीच्या टपावर उडी मारते आणि गाडीचा सायरन सगळ्या इमारतीला जागे करतो. चोर आलेला नसतो, पण सायरन बिघडलेला आहे असेही म्हणता येत नाही. दहा वेळा उगीच वाजला तरी चालेल, पण खरा चोर आला असताना गप्प राहता कामा नये, अशा हिशेबानेच तो बसवलेला असतो. आपल्या शरीराचा हिशेबही तसाच आहे. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा एक भाग असतो आणि धोक्याची चाहूल लागताच इशारा देण्यात त्याचा मोठा वाटा असतो. त्यानंतर अॅड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात मिसळते, हृदय जोरात धावू लागते आणि श्वास वाढतो. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली शरीराच्या या तयारीचे वर्णन केले आणि ‘लढा किंवा पळा’ अशी तिची ओळख रूढ झाली.

लढायचे किंवा पळायचे तर रक्त मोठ्या स्नायूंकडे हवे. म्हणून ते त्वचेकडून आणि पोटाकडून तिकडे वळते. ‘हातपाय गार पडले’, ‘पोटात गोळा आला’ हे आपले वाक्प्रचार शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही अगदी काटेकोर आहेत. वारंवार स्वच्छतागृहात जावेसे वाटणे हाही त्याच तयारीचा भाग आहे. अडचण एवढीच, की ओरलच्या परीक्षकाशी लढता येत नाही आणि त्याच्यापासून पळूनही फारसा उपयोग होत नाही.

काही जणांना या लक्षणांचीच भीती बसते. धडधड सुरू झाली की ‘हार्ट अटॅक येतोय’ असा अर्थ मन लावते, त्या अर्थाने आणखी घबराट होते, घबराटीने धडधड आणखी वाढते आणि काही मिनिटांत मुलगी वर्गमैत्रिणींच्या हाताला धरून रिक्षात बसलेली असते. यालाच पॅनिक अटॅक म्हणतात. तो भयंकर वाटतो, पण सहसा अर्ध्या तासाच्या आत ओसरू लागतो. पहिल्या खेपेला डॉक्टरांना दाखवणे योग्यच असते. थायरॉइडचा बिघाड, रक्तक्षय किंवा परीक्षेच्या आठवड्यात रिचवलेले कॉफीचे कप हीसुद्धा अशीच धडधड निर्माण करतात.

‘येत होते, पण आठवले नाही’

हे वाक्य ऐकले की पालकांना ती सबब वाटते. पण ते बहुतेक वेळा खरे असते. एका खोलीच्या बिऱ्हाडातला स्वयंपाकाचा ओटा डोळ्यांसमोर आणावा. कपाटात किराणा भरपूर आहे, पण ओट्यावर जागा जेमतेम परातीपुरतीच आहे. आपल्या मनातही शिकलेल्या गोष्टींचे कपाट मोठे आणि त्या बाहेर काढून हाताळण्याचा ओटा फार लहान असतो. ‘नापास झालो तर’, ‘सर माझ्याकडे असे का बघतायत’, ‘मघाच्या मुलाला पाचच मिनिटांत बाहेर पाठवले’ ही भांडी त्या ओट्यावर येऊन बसली, की उत्तराला जागाच उरत नाही. बाहेर आल्यावर, भांडी उचलली गेल्यावर, तेच उत्तर धडाधड आठवते. तेव्हा होणारी चिडचिड वेगळीच.

टाळण्याचा सौदा

इथून पुढचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. चिंता येते कशी, यापेक्षा ती मुरते कशी, हे कळले तर बरेच काही करता येते.

रांगेतून निघून गेलेल्या त्या मुलाला स्वच्छतागृहाच्या दारापाशी काय वाटले असेल? त्याने मला नंतर सांगितले, ‘मॅडम, एकदम मोकळे वाटले.’ पाच मिनिटांत घाम थांबला आणि हात गरम झाले. जीव भांड्यात पडण्याचे हे सुख हीच त्या सौद्यातली मेख आहे. टाळल्यावर लगेच सुटका मिळते आणि जे केल्याने सुटका मिळते ते मन पुन्हा करायला शिकते. शिवाय ओरल प्रत्यक्षात किती वाईट गेली असती, हे कळण्याची संधीच हुकते, त्यामुळे मनातली कल्पना कधी तपासली जात नाही आणि वाढतच जाते. खाज सुटलेली जागा खाजवली की क्षणभर बरे वाटते आणि मग ती आणखी खाजते, तसेच काहीसे हे आहे.

पुढे भीती पसरू लागते. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. आज एका विषयाची ओरल टाळली, उद्या त्या शिक्षकांचे तास टाळले, परवा ज्या मित्रांना हे माहीत आहे त्यांच्याबरोबर मेसमध्ये बसणे टाळले. टाळण्याची सगळीच रूपे ओळखू येतात असेही नाही. अभ्यासाऐवजी टेबल आवरणे, प्रश्नपत्रिका सोडवण्याऐवजी चौथ्यांदा वेळापत्रक आखणे, रात्री एकपर्यंत रील्स पाहणे आणि ‘आता उशीर झालाच आहे’ म्हणून पुस्तक मिटणे, हेही टाळणेच असते. बाहेरून ते आळसासारखे दिसते आणि घरचे त्याला आळसच म्हणतात. ‘आळशी आहे’ हे मुलाला पटले, की मदत मागण्याचे उरलेसुरले कारणही संपते.

एका अक्षराचे ओझे

विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेला एक विचार मराठीत फार सहज समजावता येतो, कारण आपल्याकडे ‘च’ आहे. ‘मला हा विषय सुटायला हवा’ ही इच्छा आहे. ‘मला हा विषय सुटायलाच हवा’ ही मागणी आहे. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटते, मागणी पुरी झाली नाही तर मात्र सगळे संपले असे वाटते. ‘पहिल्याच प्रयत्नात’, ‘आठच्या वरच सीजीपीए’, ‘घरी कळताच कामा नये’ अशी वाक्ये मी मुलांना कागदावर लिहायला लावते आणि त्यांतले ‘च’ लाल पेनाने गोल करायला सांगते. एका मुलीच्या अर्ध्या पानात अकरा गोल झाले होते.

पण हे ‘च’ केवळ मुलांच्या डोक्यात तयार होतात असे मानणे अन्यायाचे आहे. ते आजूबाजूने पुरवले जातात.

कॉट बेसिसवरचे जग

पुण्यात दरवर्षी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून मुले शिकायला येतात. कॉट बेसिसवर घेतलेल्या जागेत चार पलंगांपैकी एक, पलंगाखाली बॅग, महिन्याच्या करारावर डबा आणि अभ्यासिकेतली एक खुर्ची, एवढे त्यांचे शहर असते. इथे ‘मानसिक’ आणि ‘सामाजिक’ यांची फारकत करता येत नाही, कारण टाळायचे की सामोरे जायचे याचा निर्णय मुलगा एकटा घेत नाही. त्याची परिस्थिती त्या दोन्हींचा भाव ठरवत असते.

भाषेचे उदाहरण घ्यावे. बारावीपर्यंत, निदान मनातल्या मनात, मराठीत शिकलेला विद्यार्थी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात बसतो. त्याला शंका येते. ती विचारण्यासाठी तो इंग्रजीत वाक्य जुळवू लागतो आणि वाक्य जुळेपर्यंत शिक्षक पुढच्या स्लाइडवर गेलेले असतात. आठ-दहा वेळा असे झाले की तो विचारणेच सोडतो. त्याला विषय येत नाही म्हणून त्याने टाळलेले नाही, चारचौघांत चुकीचे इंग्रजी बोलण्याची किंमत त्याला परवडत नाही म्हणून टाळले आहे. सहामाहीनंतर मात्र त्याला विषयही खरोखरच येईनासा होतो.

पैशाचेही तसेच. ज्याच्या शुल्कासाठी शैक्षणिक कर्ज काढले आहे किंवा जमिनीचा तुकडा गहाण आहे, त्याच्यासाठी एटीकेटी म्हणजे केवळ राहिलेला विषय नसतो. इयर डाऊन झाले तर खोलीभाडे, मेस, शुल्क असे आणखी एक वर्ष वाढते. शिष्यवृत्तीचा हप्ता रखडलेला असेल तर महिन्याची वीस तारीख उलटल्यावर डबा एकवेळचा होतो. रिकाम्या पोटाची धडधड आणि चिंतेची धडधड शरीराला वेगळी कळत नाही. मुलींच्या बाबतीत अनेकदा आणखी एक अट असते, ती कुणी लिहून देत नाही पण सगळ्यांना पाठ असते: एक वर्ष वाया गेले तर स्थळे पाहायला सुरुवात होईल.

मग रविवारचा फोन येतो. ‘जेवलास का? अभ्यास चाललाय ना? आमच्या काही अपेक्षा नाहीत बाळा, तू फक्त चांगला शिक.’ हे प्रेमाने म्हटलेले असते आणि त्यातला प्रत्येक शब्द खरा असतो, पण वाक्याच्या उत्तरार्धात सगळ्या अपेक्षा पुन्हा येऊन बसतात. मुलगा ‘हो, चाललाय’ म्हणतो. खोटे बोलणे हेही टाळणेच, आणि त्याचे व्याज सर्वांत जास्त असते, कारण आता विषयाबरोबर खोटेही लपवावे लागते.

तुलनेविषयी थोडक्यात. माणूस स्वतःला बहुधा आपल्यासारख्याच माणसांशी ताडून पाहतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली मांडले. उद्योगपतीच्या श्रीमंतीने मुलाची झोप उडत नाही, शेजारच्या कॉटवरच्या मित्राच्या प्लेसमेंटने उडते. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पॅकेजचे आकडे येतात, नकाराचे मेल येत नाहीत. त्यामुळे आपण सोडून सगळ्यांचे जमले आहे, असा हिशेब मांडला जातो.

आणि अनिश्चितता. आठ चाळीसची बस आठ चाळीसला येणार हे माहीत असले तर आपण थांब्यावर निवांत उभे राहतो. कधी येईल हे माहीत नसेल तर दर मिनिटाला मान लांब करून पाहतो आणि दहा मिनिटांतच थकतो. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा अवघ्या तीन दिवस आधी पुढे ढकलल्याचे जाहीर झाले, तेव्हा पुण्यात शास्त्री रस्त्यावर शेकडो विद्यार्थी उतरले. त्यात राजकारण होते की नाही याची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली, पण महिनोन्महिने ताणून धरलेली मान आणखी किती दिवस ताणायची हे न कळणे म्हणजे काय, याची चर्चा फारशी झाली नाही.

‘आमच्या वेळी नव्हते हे’

होते. नाव नव्हते. परीक्षेच्या आदल्या दिवशी ताप येणारे, मॅट्रिकला बसायच्या ऐवजी घर सोडून गेलेले कुणीतरी बहुतेक घराण्यांत सांगितले जातात. मात्र काही गोष्टी खरोखरच बदलल्या आहेत. पदवी म्हणजे नोकरी हे समीकरण सैल झाले, खर्च वाढला, आणि घरात चार भावंडांत विभागली जाणारी अपेक्षा एक-दोन मुलांवर येऊन पडली.

वयाचाही भाग आहे. अमेरिकेतील २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे आढळले, की आयुष्यात कधी ना कधी मानसिक विकार होणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांमध्ये त्याची सुरुवात २४ व्या वर्षापर्यंत झालेली असते. इशारा देणारा मेंदूचा भाग लवकर तयार होतो. ‘थांब, मांजरच आहे’ असे सांगणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. नेमक्या त्याच वर्षांत आपण मुलाला घरापासून तोडून, अपुऱ्या झोपेवर, आयुष्याचा निकाल लावणाऱ्या परीक्षांना बसवतो.

‘थोडी भीती हवीच, नाहीतर अभ्यास कोण करेल?’

थोडी हवी, हे मान्य आहे. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांचा १९०८ सालचा प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो: ताण वाढतो तसे काम आधी सुधारते आणि एका मर्यादेनंतर बिघडते. पाठ्यपुस्तकांतली ती देखणी घुमटाकार रेघ मागाहून काढली गेली आणि मूळ प्रयोग उंदरांवर, विजेचे झटके देऊन झाला होता, हे सहसा सांगितले जात नाही. त्यातला उपयोगी भाग वेगळाच आहे. काम जितके अवघड, तितका कमी ताण पुरतो. पाढे म्हणून घ्यायला दरडावणे कदाचित चालेल, अभियांत्रिकीचे गणित समजून घ्यायला नाही.

‘मोबाइल काढून घेतला की झाले’

मोबाइलने झोप जाते आणि तुलना वाढते, एवढे खरे. पण अनेकांसाठी तो कारण कमी आणि लपण्याची जागा अधिक असतो. लपण्याची जागा काढून घेतली आणि ज्यापासून लपायचे ते तसेच ठेवले, तर मुलगा दुसरी जागा शोधतो.

‘समुपदेशकाकडे गेले की शिक्का बसतो’

ही शंका खरी आहे, कारण मुले कक्षात येण्याआधी व्हरांड्यात कोण आहे ते पाहतात, हे मी नेहमी पाहते. समुपदेशनात सांगितलेले गोपनीय ठेवायचे असते. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र आवश्यक तेवढे इतरांना सांगावे लागते आणि चांगला समुपदेशक हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करतो. उपचार म्हणजे लगेच गोळ्या असेही नाही. आणि गोळ्या लागल्याच, तर चिंतेसाठी मुख्यतः दिली जाणारी औषधे लागू पडायला काही आठवडे घेतात आणि त्यांचे व्यसन लागत नाही, मात्र ती मनाने एकदम बंद करायची नसतात. सवय लागू शकते ती अल्प्राझोलामसारख्या झटपट शांत करणाऱ्या गोळ्यांची. मित्राच्या पट्टीतली अर्धी गोळी ओरलच्या आधी घेणारी मुले मी पाहिली आहेत. तेही टाळणेच, गोळीच्या रूपातले.

पायरी पायरीने

चिंतेवरच्या बोलण्याच्या उपचारांमध्ये जे सर्वाधिक कामाला येते, ते टाळण्याच्या नेमके उलट असते: ज्याची भीती वाटते ते, झेपेल एवढ्या छोट्या तुकड्यांत, पुन्हा पुन्हा करणे आणि धडधड ओसरेपर्यंत तिथून न हलणे. ‘बिनधास्त जा’ असे म्हणून कुणालाही पाण्यात ढकलणे म्हणजे हे नव्हे.

त्या मुलाबरोबर आम्ही सात पायऱ्या आखल्या. पहिली होती, रिकाम्या प्रयोगशाळेत परीक्षकासमोरच्या खुर्चीत पाच मिनिटे नुसते बसणे. तिसरी, खोलीतल्या मित्राने मराठीत प्रश्न विचारायचे. चौथी, तेच इंग्रजीत, चुका न सुधारता. पाचवी, वडिलांना खरे सांगणे, आणि ती सर्वांत अवघड गेली. फोन माझ्यासमोरच लावला होता. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही, मग वडील म्हणाले, ‘मग आता परत कधी आहे?’

महाविद्यालयाच्या हातात असलेल्या गोष्टीही अशाच छोट्या असतात: रांगेत उभे करण्याऐवजी वेळ ठरवून देणे, पहिला प्रश्न सोपा विचारणे, हवे त्याला मराठीत उत्तर सुरू करू देणे, गुणांची यादी सूचनाफलकावर न लावणे. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर टेलिमानस ही केंद्र सरकारची १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

मे महिन्यात तो मुलगा पुन्हा त्याच व्हरांड्यात उभा होता. फायलीवर बोटांचे ठसे होतेच. एकदा स्वच्छतागृहाकडे गेला आणि परत आला. आत नऊ मिनिटे होता. बाहेर आल्यावर मुलांनी त्याला घेरले तेव्हा म्हणाला, ‘पहिला नाही आला. पुढचे दोन आले.’ मग घड्याळ पाहून, मेस बंद व्हायला वीस मिनिटे आहेत म्हणत, जिना उतरून गेला.